'क्लच' या इंग्रजी क्रियापदाची अर्थव्याप्ती आणि मराठी अनुवाद

१. प्रास्ताविक

पदव्युत्तर वर्गात अनुवादाचा सराव घेताना एक अनुभव वारंवार येतो. विद्यार्थी अडखळतात ते पारिभाषिक संज्ञांपाशी नव्हे, तर वरवर अगदी साध्या वाटणाऱ्या क्रियापदांपाशी. परिभाषेसाठी कोश हाताशी असतो आणि कोशातील प्रतिशब्द बहुधा चालूनही जातो. परंतु पाहणे, घेणे, टाकणे, धरणे अशा दैनंदिन क्रिया दर्शविणारी क्रियापदे प्रत्येक भाषेने आपापल्या पद्धतीने वाटून घेतलेली असतात. तेथे कोश पर्यायांची रांग उभी करतो. निवड कशी करावी हे सांगत नाही.

एका घराला आग लागली आहे आणि आई मुलाला घेऊन बाहेर धावते आहे, अशा आशयाच्या एका इंग्रजी उताऱ्यात आईच्या कृतीसाठी 'क्लच' हे क्रियापद आले होते. वर्गातील बहुतेकांनी 'तिने मुलाला पकडले' असा अनुवाद केला. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, कोशाचाही त्याला आधार आहे. आणि तरीही ते चुकीचे आहे. मराठीत चोर पकडला जातो, पळणारे वासरू पकडले जाते, खोड्या करणारे मूल पकडले जाते. आगीतून मुलाला वाचवणारी आई त्याला पकडत नाही. ती त्याला 'उराशी कवटाळते' किंवा 'छातीशी घट्ट धरते'. एका क्रियापदाच्या निवडीने आई आणि मूल यांच्यातील नातेच पालटले. प्रस्तुत लेखात या एका क्रियापदाच्या निमित्ताने 'घट्ट धरणे' या अर्थक्षेत्राची इंग्रजीतील आणि मराठीतील मांडणी कशी भिन्न आहे, आणि या भिन्नतेमुळे अनुवादकावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार करावयाचा आहे.

२. शब्दाचे मूळ आणि अर्थविस्तार

प्राचीन इंग्रजीतील ज्या क्रियापदापासून 'क्लच' आला त्याचा अर्थ 'बोटे वाकवणे, मूठ वळणे' असा होता. म्हणजे शब्दाच्या मुळाशी धरलेली वस्तू नाही, तर धरणाऱ्या हाताची मुद्रा आहे. पुढे नामाच्या अंगाने पशुपक्ष्यांचा नखे असलेला पंजा हा अर्थ त्याला चिकटला आणि अनेकवचनी रूपाला 'एखाद्याची क्रूर सत्ता, तावडी' असा लाक्षणिक अर्थ प्राप्त झाला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रशास्त्राने हा शब्द उचलला. दोन फिरते भाग परस्परांशी जोडणारी आणि हवे तेव्हा विलग करणारी योजना, असा त्याचा तांत्रिक अर्थ स्थिर झाला.

इंग्रजीत कोंबडीने एका वेळी उबवायला घेतलेल्या अंड्यांच्या समूहालाही 'क्लच' म्हणतात. हा मात्र व्युत्पत्तीने निराळा शब्द आहे. त्याचा संबंध अंडी उबवणे या अर्थाच्या स्कँडिनेव्हियन मुळाशी आहे. 'पंखाखाली घट्ट धरलेली अंडी' अशी आकर्षक उपपत्ती सुचते, पण ती लोकव्युत्पत्तीच ठरेल.

आधुनिक इंग्रजीतील प्रयोग पाहिले तर या क्रियापदाच्या अर्थाचे पाच घटक वेगळे काढता येतात. (अ) धरण्याचे साधन हात किंवा हातासारखा अवयव असतो. (आ) धरण्यात जोर असतो. (इ) त्या जोरामागे तीव्र भावना असते. भीती, वेदना, लोभ, माया यांपैकी काहीतरी. (ई) धरलेली वस्तू सुटेल किंवा हिरावली जाईल ही आशंका असते. (उ) कृती विचारपूर्वक केलेली नसते, ती आवेगातून घडते. यांपैकी पहिले दोन घटक 'होल्ड', 'ग्रिप', 'क्लॅस्प', 'ग्रास्प' या सजातीय क्रियापदांतही कमीअधिक प्रमाणात आढळतात. 'क्लच'चे वेगळेपण उरलेल्या तीन घटकांत आहे. 'ग्रिप'मध्ये बळ आणि नियंत्रण प्रधान आहे. 'क्लॅस्प'मध्ये वेढणे आणि जवळीक. 'ग्रास्प'मध्ये हस्तगत करणे आणि त्यावरून आकलन होणे. टेनिसनने गरुडावरील आपल्या छोट्या कवितेत कड्यावर बसलेल्या पक्ष्यासाठी 'क्लॅस्प' योजले आहे. तेथे 'क्लच' असते तर गरुडाला पडण्याचे भय आहे असे वाटले असते, आणि कवितेतील त्याचे आधिपत्यच डळमळले असते.

३. मराठीची मांडणी

या अर्थक्षेत्रात मराठीची भिस्त प्रामुख्याने एका क्रियापदावर आहे; ते म्हणजे 'धरणे'. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, सुधारित दुसरी आवृत्ती १८५७) या शब्दाची नोंद दीर्घ आहे आणि तशी ती असणे अटळच आहे. धीर धरणे, दम धरणे, मौन धरणे, अबोला धरणे, हट्ट धरणे, बाळसे धरणे, मनात धरणे, पाय धरणे, जीव मुठीत धरणे या प्रयोगांचा पसारा पाहिला की 'धरणे' हे एक क्रियापद नसून क्रियापदांचे कुटुंबच आहे असे वाटू लागते. नदीचे पाणी अडवते ते 'धरण', आणि मागणी मान्य होईपर्यंत दारात ठाण मांडून बसणे म्हणजे 'धरणे धरणे'.

सोस्यूरने शब्दाचे 'मूल्य' ही संकल्पना मांडताना दाखवून दिले की मेंढीसाठी फ्रेंचमध्ये जो शब्द आहे तोच तिच्या मांसासाठीही आहे. इंग्रजीने मात्र प्राण्याला एक आणि ताटातील मांसाला दुसरा शब्द राखला आहे. त्यामुळे अर्थ जुळला तरी मूल्य जुळत नाही. 'क्लच' आणि 'धरणे' यांची स्थिती तशीच आहे. इंग्रजीने धरण्याच्या निरनिराळ्या रीतींना स्वतंत्र क्रियापदे दिली. मराठीने एक व्यापक क्रियापद राखले आणि रीतीचा भार अन्यत्र सोपवला. तो भार प्रामुख्याने चार ठिकाणी आढळतो.

पहिले स्थान क्रियाविशेषणांचे. घट्ट, गच्च, करकचून, गपकन ही क्रियाविशेषणे धरण्याची तऱ्हा सांगतात. 'गच्च' आणि 'गपकन' यांत काळाचा भेदही आहे. गच्च धरणे टिकते, गपकन धरणे क्षणात घडते. इंग्रजीतील 'क्लच'मध्ये या दोन्ही शक्यता असतात आणि संदर्भावरून त्यांची निवड होते. मराठी अनुवादकाला मात्र आधीच ठरवावे लागते.

दुसरे स्थान अवयवाचे किंवा स्थानाचे. मुठीत, चिमटीत, पंजात, कवेत, उराशी ही पदे 'धरणे'ला जोडली की कृतीची मुद्रा आणि तिच्यातील भाव दोन्ही उमटतात. 'क्लच'च्या मुळाशी असलेली हाताची मुद्रा मराठीत क्रियापदात नाही, या पदांत आहे.

तिसरे स्थान स्वतंत्र क्रियापदांचे. कवटाळणे, बिलगणे, आवळणे, झोंबणे, पकडणे ही क्रियापदे 'धरणे'च्या परिघावर उभी आहेत. यांतील 'बिलगणे' हे अकर्मक आहे. मूल आईला बिलगते, म्हणजे स्वतःला तिच्याशी जोडते. आईला ताब्यात घेत नाही. म्हणून मूल कर्ता असेल तेव्हा 'क्लच'साठी 'बिलगणे' योग्य, आणि आई कर्ती असेल तेव्हा 'कवटाळणे'. इंग्रजीला हा भेद क्रियापदातून करावा लागत नाही.

चौथे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे स्थान म्हणजे संयुक्त क्रियापदे. 'धरून ठेवणे' यात जपणूक आहे, 'धरून राहणे' यात निष्ठा किंवा चिकाटी आहे, आणि 'धरून बसणे' यात हटवादीपणा आहे. केवळ सहायक क्रियापद बदलताच वक्त्याचा अभिप्राय पालटतो. 'तिने आठवणी उराशी कवटाळल्या' या वाक्यात सहानुभूती आहे. 'ती जुन्या कल्पना कवटाळून बसली आहे' यात उघड नापसंती. 'कवटाळणे'सारखे मायेचे क्रियापदही 'बसणे'च्या संगतीने निंदाव्यंजक होते. इंग्रजीत 'क्लच' या बाबतीत बरेच मुग्ध आहे. स्तुती की निंदा हे वाचकावर सोडता येते. मराठीत ते मुग्धपण सहसा टिकत नाही. अनुवादक क्रियापद निवडतो तेव्हा तो पात्राविषयी निवाडाही देत असतो, त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

४. हाती न आलेले धरणे

इंग्रजीत या क्रियापदापुढे 'अ‍ॅट' हे शब्दयोगी अव्यय आले की अर्थात मूलभूत फरक पडतो. मग कृती यशस्वी झालीच असे राहत नाही. धरण्याची धडपड तेवढी उरते. मराठीत हा अर्थ व्यक्त करण्यासाठी '-ऊ पाहणे' ही सुंदर रचना उपलब्ध आहे: 'तो दोर धरू पाहत होता.' विद्यार्थी अनेकदा येथे 'दोर धरला' असे लिहून मोकळे होतात आणि बुडणारा माणूस भाषांतरात वाचतो.

बुडणाऱ्या माणसाचा उल्लेख सहज आला, तर त्याच्याविषयीच्या म्हणीकडेही पाहू. बुडणारा मनुष्य काडीलाही झोंबतो या आशयाच्या इंग्रजी म्हणीत जुन्या काळी 'कॅच' हे क्रियापद आढळते. 'क्लच' मागाहून रूढ झाले. या बदलाने म्हणीत आवेग वाढला. मराठी म्हण 'बुडत्याला काडीचा आधार' अशी आहे. आशय जवळचा, पण रचना पाहावी: मराठी म्हणीत क्रियापदच नाही. इंग्रजी म्हण त्या माणसाच्या हाताकडे पाहते, मराठी म्हण काडीकडे. इंग्रजीत निरर्थक धडपडीवर बोट ठेवलेले आहे, त्यामुळे तिच्यावरून निघालेला वाक्प्रचार बहुधा टीकेसाठी वापरला जातो. मराठीत काडीला 'आधार' म्हटले आहे. त्यात उपरोध असू शकतो तशी करुणाही असू शकते. म्हणून एखाद्या राजकीय लेखात प्रतिपक्षाच्या लंगड्या युक्तिवादासाठी इंग्रजी वाक्प्रचार आला असेल, तर आपली म्हण जशीच्या तशी ठेवल्याने टीकेची धार बोथट होण्याचा संभव आहे. तेथे 'काहीतरी आधार शोधण्याची केविलवाणी धडपड' असे लिहिणे अधिक प्रामाणिक ठरेल. नायडाने १९६४ साली ज्या परिणामनिष्ठ समतुल्यतेचा पुरस्कार केला, तिचा अर्थ म्हणीला म्हण देणे असा नव्हे, हे येथे ध्यानात यावे.

५. दोन वाङ्मयीन उदाहरणे

शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ'मधील दुसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशात राजहत्येला निघालेल्या नायकाला हवेत खंजीर दिसतो. खंजिराची मूठ त्याच्या हाताकडे वळलेली आहे. तो खंजिराला उद्देशून 'क्लच' हे क्रियापद उच्चारतो, हात पुढे करतो, आणि हाती काही येत नाही. येथे आपण वर पाहिलेले घटक एकवटले आहेत: हाताची मुद्रा, आवेग आणि वस्तू निसटण्याची आशंका. नुसते 'धरणे' येथे फिके पडते. 'पकडणे' तर खंजीर पळून जात असल्याचा भास निर्माण करते.

मराठीत या नाटकाला परंपरा आहे. शिवराम महादेव परांजपे यांचे 'मानाजीराव' आणि वि. वा. शिरवाडकर यांचे 'राजमुकुट' (१९५४) ही त्याचीच मराठी रूपे. त्या रूपांतरांचे मूल्यमापन हा या लेखाचा विषय नाही. मला लक्ष वेधावयाचे आहे ते मराठीने देऊ केलेल्या एका शक्यतेकडे. 'मूठ' या मराठी शब्दाला वळलेला हात आणि शस्त्राची पकडण्याची जागा असे दोन्ही अर्थ आहेत. 'मुठीत मूठ' येण्याची अपेक्षा आणि ती रिकामी राहणे, हे मराठीत एकाच शब्दाच्या दोन अर्थांवर उभे करता येते; इंग्रजीत हात आणि खंजिराचा दांडा यांना भिन्न शब्द आहेत. शिवाय 'मूठ मारणे' या प्रयोगामुळे करणीचा, जादूटोण्याचा एक सूक्ष्म ध्वनी तेथे आपोआप येतो, आणि हे नाटक तर चेटकिणींच्या भाकितावर उभे आहे. अनुवादात केवळ हानीच होते असे मानणाऱ्यांनी अशा जागा तपासून पाहाव्यात.

दुसरे उदाहरण टी. एस. एलियटच्या 'द वेस्ट लँड' (१९२२) या दीर्घकवितेचे. तिच्या पहिल्या भागात पडीक दगडमातीच्या संदर्भात मुळांविषयी एक प्रश्न आहे, आणि मुळांच्या कृतीसाठी कवीने हेच क्रियापद वापरले आहे. मराठी अनुवादकाच्या ओठांवर पहिला शब्द येईल तो 'रुजणे' किंवा 'मूळ धरणे'. पण हे दोन्ही शब्द मराठीत मंगल आहेत. रोप रुजले, मूळ धरले की शेतकऱ्याला समाधान वाटते. याखेरीज व्याकरणाचीही अडचण आहे. 'झाडाने मूळ धरले' या वाक्यात झाड कर्ता आहे आणि मूळ कर्म. एलियटच्या कवितेत मूळ स्वतः कर्ता आहे आणि त्याची कृती मानवी हाताची आहे. नापीक भूमीला बोटे रुतवून काहीतरी घट्ट धरू पाहणाऱ्या मुळांत जीवनेच्छा आहे तशी विवशताही. गडकोटांच्या पडक्या तटांवर उगवलेल्या पिंपळाची मुळे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. ती मुळे रुजलेली नसतात, त्यांनी दगड 'आवळून धरलेले' असतात. येथे 'आवळणे' किंवा 'गच्च धरणे' यांचा विचार करता येईल. 'रुजणे' मात्र टाळलेच पाहिजे, कारण ते मुळात नसलेले आश्वासन वाचकाला देते.

६. व्यवहारातील धोके

ललित वाङ्मयात शब्द चुकला तर रसहानी होते; व्यवहारात त्याहून अधिक काही पणाला लागते. जबानी, वैद्यकीय अहवाल, वार्ता यांच्या अनुवादात हे क्रियापद वरचेवर येते. रुग्णाने छातीवर हात गच्च दाबला, असा अर्थ असताना 'छाती धरली' एवढेच लिहिल्यास वेदनेची तीव्रता हरवते. त्याहून नाजूक बाब म्हणजे 'हात धरणे'. गर्दीत तोल जाणाऱ्या पुरुषाने शेजारच्या स्त्रीचा दंड आवेगाने घट्ट धरला, या अर्थाचे इंग्रजी वाक्य 'त्याने तिचा हात धरला' असे मराठीत आले, तर मराठी ऐकणाराला त्यात अतिप्रसंगाचा अर्थ ऐकू येईल. उलट, खऱ्या बळजोरीच्या प्रसंगी 'तिचा हात हातात घेतला' असे सौम्य भाषांतर झाले तर गुन्ह्याचे स्वरूपच पुसले जाईल. 'हात धरणे'ला मराठीत विवाहापासून विनयभंगापर्यंतचे अर्थ आहेत, याचे भान न ठेवणारा अनुवादक कोणावर तरी अन्याय करीत असतो. अशा ठिकाणी अवयव, जोर आणि प्रसंग तिन्ही स्पष्ट लिहावेत. शैलीसाठी संक्षेप करू नये.

यंत्राच्या संदर्भात मराठीने हा शब्द जसाच्या तसा स्वीकारला. क्लच, क्लचप्लेट, क्लचवायर हे शब्द गॅरेजमध्ये मराठीच आहेत आणि त्यांना संस्कृतोद्भव पर्याय शोधण्यात अर्थ नाही. गमतीची गोष्ट अशी की मोटारीचा क्लच 'दाबला' की आतील पकड सुटते आणि 'सोडला' की पकड बसते. मोटारसायकलचा चालक डाव्या हाताने क्लच धरतो तेव्हा यंत्रात धरलेले सुटलेले असते. उसना शब्द घेताना मराठीने त्याचा मूळ अर्थ बरोबर घेतला नाही, केवळ वस्तूचे नाव घेतले. केसांना लावायच्या चापाला बाजारात 'क्लचर' म्हणतात, हातात धरायच्या लहान पाकिटाला 'क्लच'. हे सर्व नामांचे ऋण आहे. क्रियापद म्हणून 'क्लचणे' असे कोणी म्हणत नाही. नामे सहज उसनी मिळतात, क्रियापदांचे काम मात्र भाषेला बहुधा आपल्याच ऐवजावर भागवावे लागते.

७. कोण कोणाला धरते?

शेवटी या अर्थक्षेत्राच्या एका खोल पैलूकडे वळू. संस्कृत 'ग्रह्' धातूचा अर्थही धरणे हाच. इंग्रजीने जे काम निरनिराळ्या क्रियापदांकडून करून घेतले ते संस्कृताने उपसर्गांकडून करून घेतले: संग्रह, परिग्रह, निग्रह, आग्रह, दुराग्रह. विचार मनाने धरला की 'ग्रहण', आधीच धरून ठेवला की 'पूर्वग्रह'. गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील लढ्याच्या काळात 'सत्याग्रह' हा शब्द रूढ केला, त्यातही सत्याला धरून राहणे हाच अर्थ आहे. आग्रह आणि दुराग्रह यांतील सीमारेषा म्हणजेच 'धरून राहणे' आणि 'धरून बसणे' यांतील सीमारेषा होय.

इंग्रजीत 'क्लच'चे अनेकवचनी नाम परसत्तेचा बोध करून देते. त्यासाठी मराठीत 'तावडीत', 'कचाट्यात', 'विळख्यात' हे पर्याय आहेत. म्हणजे क्रियापदात मी धरतो, आणि नामात मी धरला जातो. या दोन टोकांना जोडणारा दृष्टांत आपल्या परंपरेत आहे. नळीवर बसलेला पोपट नळी फिरताच भयाने तिला घट्ट धरतो आणि नळीनेच आपल्याला धरले आहे असे समजून अडकून पडतो. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ज्ञानदेवांनी हा दृष्टांत योजला आहे. भय, आवेग, सुटण्याची आशंका, असे 'क्लच'चे तिन्ही विशेष घटक त्या पोपटाच्या पायांत आहेत. आणि घट्ट धरणे हीच कैद कशी होते, हेही त्यात आहे.

अनुवादकाने या पोपटाची आठवण ठेवावी. कोशातील पहिला प्रतिशब्द घट्ट धरला की आपणच त्यात अडकतो. कोण धरतो, काय धरतो, कशाच्या भयाने वा ओढीने धरतो आणि हाती लागते की नाही, हे चार प्रश्न वाक्याला विचारले की 'कवटाळणे', 'बिलगणे', 'आवळणे', 'धरू पाहणे' यांपैकी योग्य शब्द आपणहून पुढे येतो. मराठीत 'क्लच'ला एक शब्द नाही, ही उणीव नव्हे. त्या एका शब्दात इंग्रजी जे न सांगता सोडू शकते, ते मराठीत सांगावे लागते. म्हणून आधी ते नीट वाचणे, हे अनुवादकाचे पहिले कर्तव्य ठरते.